एआय लायब्ररी करा म्हणतात, पण आधी कपाटं उघडा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नाशिक जिल्ह्यातल्या एका अनुदानित सिनियर कॉलेजमध्ये त्या ग्रंथपाल आहेत. नोकरीला १७ वर्षं झाली. बावीस हजारांच्या आसपास पुस्तकं, कॅटलॉग कोहा या लायब्ररी सॉफ्टवेअरवर, एन-लिस्टची, म्हणजे कॉलेजांना ऑनलाइन जर्नल्स आणि ई-पुस्तकं देणाऱ्या योजनेची, मेंबरशिप आहे. मागच्या महिन्यात प्राचार्य एका सेमिनारहून आले आणि म्हणाले, मॅडम, नॅकच्या मूल्यांकनाच्या आधी आपली लायब्ररी एआय करून टाका, नॉलेज मॅनेजमेंट दिसलं पाहिजे. पाठोपाठ एक वेंडर येऊन गेला, चॅटबॉट बसवून देतो म्हणाला, कोटेशन साडेतीन लाखांचं आणि दरवर्षीची फी वेगळी. पोरं चॅटजीपीटीला विचारतात आणि त्याने दिलेली पुस्तकांची यादी घेऊन काउंटरवर येतात, त्यातली निम्मी पुस्तकं कुठेच सापडत नाहीत. लायब्ररीतले मामा, जे तीस वर्षं तिथे आहेत, ते येत्या मे अखेर रिटायर होणार आणि त्यांची जागा भरली जाईल याची खात्री नाही. एका सहकारी प्राध्यापकांनी सुचवलंय की सगळे जुने प्रोजेक्ट रिपोर्ट चॅटजीपीटीत टाकून द्या, काम झालं. ताई विचारतात: वेंडरला हो म्हणू का, पदरचे पैसे घालून एआयचा ऑनलाइन कोर्स करू का, मला कोडिंग येत नाही, आणि खरं सांगायचं तर पुढच्या पाच वर्षांत माझी गरज उरणार आहे का?

ताई, नमस्कार.

तुम्ही गरजेचा प्रश्न सगळ्यात शेवटी लिहिलाय पण पत्र बहुतेक त्याच्यासाठीच लिहिलंय, म्हणून तिथूनच सुरू करते. काही कामं कमी होतील, हे खरं आहे आणि ते तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. नवीन पुस्तकाची नोंद टाइप करत बसणं, नवीन आलेल्या पुस्तकांची यादी बनवणं, रिमाइंडरचे मेल लिहिणं, इंग्रजी लेखाचा सारांश काढून देणं, हे सगळं मशीन बऱ्यापैकी करतं आणि अजून चांगलं करेल. पण जागा भरायची की नाही हा निर्णय माणसं घेतात, आणि कॉलेजच्या लायब्ररीतल्या रिकाम्या जागांचं दुखणं चॅटजीपीटी यायच्या कितीतरी आधीपासूनचं आहे. उद्या कोणी म्हणालं की आता एआय आलं ना, मग मामांच्या जागी माणूस कशाला, तर ते बोलण्यावारी जाऊ देऊ नका. मामा कोणकोणती कामं करतात त्याची यादी समोर ठेवा आणि यातलं कुठलं काम कुठलं सॉफ्टवेअर करणार ते लेखी मागा.

आता तुमच्या पत्रातल्या एका गोष्टीकडे बघा, तुम्ही ती तक्रार म्हणून लिहिलीय. पोरं खोट्या पुस्तकांची यादी घेऊन तुमच्याकडे येतात. का येतात? कारण पुस्तक खरं आहे की नाही हे सांगणारं माणूस कॉलेजमध्ये तुम्हीच आहात. चॅटजीपीटीसारखं मॉडेल कुठला कॅटलॉग उघडून यादी देत नाही, आधीच्या शब्दांपुढे कोणता शब्द शोभेल हे ठरवत ठरवत ते वाक्य बनवतं, त्यामुळे लेखकाचं नाव शोभणारं, प्रकाशक शोभणारा, वर्ष शोभणारं, आणि अख्खं पुस्तक मात्र छापलेलंच नाही असं होतं. आता या मॉडेल्सना नेटवर सर्च करायची सोय जोडलेली असते, त्याने चुका कमी होतात पण बंद होत नाहीत, आणि मराठी पुस्तकांच्या बाबतीत तर जास्तच जपून राहावं लागतं कारण मराठी पुस्तकांची माहिती नेटवर मुळातच कमी आणि विस्कळीत आहे. शिकलेली माणसंसुद्धा यात फसतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले खटल्यांचे दाखले जसेच्या तसे दाखल केले, ते खटले झालेलेच नव्हते, आणि कोर्टाने त्यांना ५,००० डॉलरचा दंड केला.

तेव्हा पोरांना रागावू नका, आणि चॅटजीपीटी वापरू नका असा बोर्ड तर अजिबात लावू नका, तो कोणी पाळणार नाही आणि पोरं फक्त तुमच्यापासून लपवायला लागतील. त्यापेक्षा प्रत्येक वर्गाचा एक तास मागून घ्या आणि त्यांच्याच फोनवर त्यांच्याच प्रोजेक्टच्या विषयाची यादी काढायला लावा, मग ती यादी सगळ्यांनी मिळून तपासायची. पुस्तक असेल तर आपल्या कोहाच्या ओपॅकमध्ये, म्हणजे वाचकांसाठीच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये, आणि प्रकाशकाच्या साइटवर, इंग्रजी लेख असेल तर त्याचा डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक, उघडतो का, पीएचडीचा प्रबंध म्हणत असेल तर शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात आहे का. एन-लिस्टचं लॉगिन त्याच तासात तिथल्या तिथे उघडून द्या, कारण पुष्कळ पोरांकडे ते असतं आणि एकदाही वापरलेलं नसतं. स्वतःच्या यादीतली पुस्तकं गळताना डोळ्यांनी बघितली की पुढच्या वेळी पोरं तपासायला स्वतःहून येतात. या तासाला ना वेंडर लागतो ना बजेट, आणि तुमच्या सगळ्या प्लॅनमध्ये मी याला पहिला नंबर देईन.

आता प्राचार्यांचं म्हणणं. "लायब्ररी एआय करा" यात एक गृहीत धरलेलं आहे की ज्ञान ऑलरेडी कुठेतरी नीट रचून ठेवलंय, फक्त वरून एक चॅटबॉट बसवायचा बाकी आहे. तुम्हालाही ते पटलेलं दिसतंय, कारण तुमचे सगळे प्रश्न चॅटबॉटभोवती आहेत. पण तुमच्या पत्रात ज्ञान कुठे कुठे आहे ते मी शोधलं तर मला दोन जागा दिसल्या, एक मामांचं डोकं आणि दुसरी ती जुन्या प्रोजेक्ट रिपोर्टची कपाटं. दोन्ही कोहात नाहीत, नेटवर तर नाहीतच. साडेतीन लाखांचा चॅटबॉट उद्या बसला तरी या दोन्हीतलं त्याला काहीच माहीत नसेल. तो पोरांना तेच सांगेल जे त्यांच्या फोनवर आत्ता फुकट मिळतंय.

यात मामांचं काम सगळ्यात अर्जंट आहे, कारण कपाटं मे नंतरही तिथेच राहतील. मामांना काय काय माहीत असेल याचा विचार करा. कुठल्या रिटायर्ड सरांनी दिलेली पुस्तकं नोंद न करताच वरच्या रॅकवर ठेवलीत, कुठल्या मासिकाचे दोन वर्षांचे अंक एकाच बाइंडिंगमध्ये गेलेत, पावसाळ्यात कुठली भिंत ओली होते, सिलॅबस बदलला की कुठल्या जुन्या आवृत्त्या तरीही चालतात, कुठल्या विभागाचे रिपोर्ट कुठल्या गोदामात हलवले होते. हे त्यांना टेबलावर बसवून "मामा, सगळं सांगा" म्हटलं तर आठवणार नाही. त्यांच्याबरोबर रॅकमधून चाला, फोनवर रेकॉर्डिंग लावा, एकेका रॅकपाशी थांबा आणि विचारा की इथलं काय काय लोक मागतात आणि काय सापडत नाही. आठवड्यातून दोनदा अर्धा अर्धा तास पुरे. आधी त्यांना विचारून, कशासाठी करतोय ते नीट सांगून, आणि शेवटी जी वही तयार होईल तिच्यावर त्यांचं नाव घालून. तीस वर्षं राबलेल्या माणसाचं जाताना काहीतरी उरलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

एआय इथे खरंच उपयोगाला येतं. मराठी बोलणं लिहून काढणारी टूल्स आता बरी झालीत, रेकॉर्डिंगचा मजकूर त्यातून काढायचा, मग रॅकप्रमाणे, विषयाप्रमाणे त्याची मांडणी करून मागायची, आणि ती मामांना वाचून दाखवून दुरुस्त करायची. हे शेवटचं टाळू नका. मामा कळवण, बागलाणकडचे असतील आणि गप्पांच्या ओघात अहिराणीवर गेले तर ते टूल काहीही लिहितं, तेवढा भाग हाताने लिहा.

बरोबरीने एक रजिस्टर आजपासून सुरू करा, साधं, काउंटरवर ठेवायचं: कोणी काय विचारलं, कुठे सापडलं, सापडलं नाही तर का. गूगल शीट चालेल, वही असेल तरी चालेल. विचारणाऱ्याचं नाव लिहू नका, फक्त वर्ग लिहा. पुढे जे काही एआय घ्याल ते तपासायला हेच प्रश्न लागणार आहेत. प्राचार्यांना दाखवायला पुरावा पण हाच.

आता कपाटांकडे येते. नाशिक जिल्ह्यातल्या कॉलेजांमध्ये पोरांनी वर्षानुवर्षं काय काय लिहून ठेवलंय याचा आपल्यालाच पत्ता नसतो. भूगोलवाल्यांचे गावांचे सर्व्हे, दिंडोरी निफाडच्या द्राक्षबागांवर, लासलगावच्या कांद्याच्या भावांवर, सुरगाणा पेठच्या पाण्यावर, गोदावरीच्या प्रदूषणावर, सिंहस्थाच्या गर्दीवर, कॉमर्सवाल्यांचे पतसंस्थांवर, मराठीवाल्यांचे ओव्या आणि म्हणी गोळा केलेले, शिवाय कॉलेजचे वार्षिकांक. दर्जा सगळ्याचा सारखा नसतो, काही रिपोर्ट तर सरळ एकमेकांवरून उतरवलेले असतात हे तुम्हालाही माहितीय आणि मलाही. पण एखाद्या गावातल्या विहिरींची पातळी वीस वर्षांपूर्वी पोरांनी स्वतः मोजून लिहिली असेल तर ती तुमच्याच कपाटात आहे. यंदाची पोरगी कांद्यावर प्रोजेक्ट करतेय, ती नेटवरून तेच ते चार पॅरा उचलते, आणि तिच्यामागच्या कपाटात त्याच बाजारावरचे जुने रिपोर्ट धूळ खात असतात. तुमच्या लायब्ररीचं नॉलेज मॅनेजमेंट म्हणजे त्या पोरीला ते रिपोर्ट दहा मिनिटांत मिळणं. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे जे पाच सिद्धांत मांडले त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवा असा आहे, लायब्ररी सायन्सला आपण सगळ्यांनी तो पाठ केलेला असतो, तीच कसोटी इथे लावा. मशीन आणून त्या पोरीचा वेळ वाचला का?

सगळी कपाटं एकदम काढू नका. एकच विभाग निवडा, ज्याचे एचओडी उत्साही आहेत असा, आणि त्यातले शंभर दीडशे रिपोर्ट. आधी नुसती यादी: शीर्षक, वर्ष, गाव आणि तालुका, विषय, मार्गदर्शक, पानं, कपाट नंबर. ही यादी झाली की अर्धं काम झालं, खरंच. मग स्कॅनिंग, आणि इथे मराठीचे जे प्रॉब्लेम येतात ते वेंडर डेमोमध्ये कधी दाखवत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिला प्रॉब्लेम फाँटचा. जुने रिपोर्ट सॉफ्ट कॉपीत मिळाले तर आनंद होतो पण ते बऱ्याचदा श्रीलिपी नाहीतर कृतिदेवमध्ये टाइप केलेले असतात, युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत नाही. पीडीएफ उघडली की मराठी दिसतं, पण एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका, रोमन अक्षरांचा कचरा येतो. सर्चला आणि एआयला तो कचराच दिसतो. मूळ फाइल असेल तर कन्व्हर्टरने युनिकोड करता येतं, नसेल तर पानाचा फोटो धरून ओसीआर करावं लागतं, म्हणजे चित्रातली अक्षरं मशीनकडून ओळखून घ्यावी लागतात. दुसरा प्रॉब्लेम ओसीआरचा. टेसरॅक्ट नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, फुकट, मराठी वाचतं, स्वच्छ छापलेल्या पानावर चांगलं वाचतं पण झेरॉक्सची झेरॉक्स असेल, दोन कॉलम असतील, रफार आणि अनुस्वार पुसट असतील तर गडबड करतं, हाताने लिहिलेल्या रिपोर्टवर तर त्याच्या भरवशावर राहूच नका. शोधण्यापुरतं थोडं चुकलेलं ओसीआर चालतं, पण वाचकाला नेहमी मूळ पानाचा स्कॅन दिसला पाहिजे आणि उतारा त्याने तिथूनच घ्यायला हवा. आकड्यांचे तक्ते मात्र डोळ्यांनी तपासा. ३ चा ८ झाला की विहिरीची पातळीच बदलते.

तिसरा प्रॉब्लेम डोळ्यांना दिसतच नाही. "शेतकऱ्यांचे" हा शब्द कॉम्प्युटरवर दोन प्रकारे टाइप होतो, एकात ऱ हे वेगळं अक्षर वापरलेलं असतं आणि दुसऱ्यात साध्या र चा पाय मोडून पुढे एक न दिसणारं चिन्ह येतं. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, पण साध्या सर्चसाठी ते दोन वेगळे शब्द. आपल्या जिल्ह्यातल्या रिपोर्टमध्ये शेतकरी किती वेळा येतो ते तुम्हाला सांगायला नको. कॉम्प्युटर विभागाच्या कोणाला सांगून सगळा मजकूर एकाच पद्धतीत आणून घ्या, अवघड नाहीये, पण सांगितलं नाही तर कोणी करत नाही.

आणि तुमचा कोहाचा कॅटलॉग. मी पैज लावते की मराठी पुस्तकांच्या काही नोंदी देवनागरीत आहेत आणि काही रोमनमध्ये, ज्या वर्षी ज्याने टाकल्या त्याप्रमाणे. नाशिकमध्ये बसून आपण कुसुमाग्रजांचंच बघू. कविता कुसुमाग्रज नावाने, नाटकं वि. वा. शिरवाडकर नावाने. कॅटलॉगमध्ये कुठे शिरवाडकर वि. वा., कुठे विष्णु वामन, कुठे रोमनमध्ये दोन वेगळ्या स्पेलिंगांनी, असं असेल तर नाटक मागणाऱ्याला निम्मीच पुस्तकं दिसणार. कोहामध्ये ऑथॉरिटी रेकॉर्डची सोय आहेच, त्यात ही नावं एकमेकांना जोडून ठेवायची. जवळजवळ सारखी नावं शोधून एकत्र दाखवायला ओपनरिफाइन नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, पण कुसुमाग्रज आणि शिरवाडकर एकच हे त्याला कळत नाही, ते तुम्हाला कळतं.

विषयशीर्षकं आणि डीडीसीचा, म्हणजे पुस्तक कुठल्या विषयाच्या रॅकवर जाणार ते ठरवणारा, नंबर एआयकडून काढून घ्यायचा मोह होईल. सूचना म्हणून घ्या. चॅटबॉट नंबर अगदी आत्मविश्वासाने देतो आणि तो चुकलेला असला की पुस्तक भलत्या रॅकवर जाऊन बसतं, चोरीला गेल्यासारखंच. फिनलंडच्या नॅशनल लायब्ररीने ॲनिफ नावाचं ओपन सोर्स टूल बनवलंय, ते विषय सुचवतं, पण त्याला आधी माणसांनी नीट विषय दिलेल्या भरपूर नोंदी शिकवाव्या लागतात. म्हणजे कॅटलॉग साफ करायचं काम तिथेही आधी येतं.

आता तुमच्या सहकारी प्राध्यापकांची आयडिया, सगळे रिपोर्ट चॅटजीपीटीत टाका. कृपा करून टाकू नका, निदान असे सरसकट नको. गावाच्या सर्व्हेमध्ये काय असतं आठवा: घरमालकाचं नाव, जात, जमीन किती, कर्ज किती, कोणाकडून घेतलं, घरात कोण आजारी. त्या माणसाने पोरांना अंगणात खाट टाकून बसवलं आणि हे सांगितलं, ते कॉलेजच्या अभ्यासासाठी. ते कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर चढवायचा हक्क आपल्याला त्याने दिलेला नाही. डिजिटल पर्सनल डेटाचा कायदा २०२३ मध्ये झालाय, पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. आधी नावं, फोन नंबर, घर ओळखू येईल असं सगळं काढा, जोडपत्रं वेगळी ठेवा, मग पुढचं. कोणी कुठलं पुस्तक नेलं हा डेटा तर कुठल्याच बाहेरच्या टूलमध्ये जाता कामा नये. शिवाय रिपोर्ट लिहिला पोराने, त्याची परवानगी हवी. यंदापासून रिपोर्ट जमा करताना एका पानाचा संमतीचा फॉर्म घ्या, जुन्यांचं हळूहळू बघता येईल, तोवर ते फक्त लायब्ररीच्या आत वाचायला द्या. पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ टाकू नका, आणि एन-लिस्टवरून लेख ठोक डाउनलोड करून कुठल्या टूलमध्ये भरायच्या आधी त्यांच्या अटी वाचा.

मग वापरायचं काय? एआयचा एक प्रकार असा असतो की तो आधी तुम्ही दिलेल्या कागदपत्रांत शोधतो, सापडलेले उतारे समोर घेतो आणि त्यांच्यावरूनच उत्तर लिहितो, कुठून घेतलं ते दाखवतो. पुस्तक उघडं ठेवून दिलेल्या परीक्षेसारखं. गूगलचं नोटबुकएलएम साधारण याच पद्धतीने चालतं आणि छोट्या प्रयोगाला फुकट पुरतं. नावं काढलेले पंचवीस तीस रिपोर्ट, कॉलेजचा प्रॉस्पेक्टस आणि लायब्ररीचे नियम घालून बघा. हा प्रकारसुद्धा चुकतो. दोन गावांचे आकडे एकत्र करतो, जे लिहिलेलंच नाही त्याचा अंदाज लिहितो. म्हणून रजिस्टरमधले पन्नास प्रश्न घ्या, त्यातले दहा मुद्दाम असे ठेवा ज्यांचं उत्तर त्या रिपोर्टमध्ये नाहीच, आणि तुम्ही आणि विभागातले एकदोन प्राध्यापक मिळून एकेक उत्तर मूळ पानाशी ताडून बघा. त्या दहा प्रश्नांना तो काय म्हणतो यावर माझं सगळ्यात जास्त लक्ष असेल. सापडलं नाही असं सरळ सांगणारं टूल पोरांच्या हातात देता येतं. जे दडपून ठोकतं ते फक्त तुमच्या टेबलावर ठेवा.

वेंडरबद्दल. मी नाही म्हणा असं म्हणत नाही, पण आत्ता नको. पुढच्या वेळी तो येईल तेव्हा त्याचा तयार डेमो बघू नका, त्याला तुमच्या कपाटातली वीस पानं द्या, त्यात एक कृतिदेवची फाइल, एक पुसट झेरॉक्स आणि एक तक्ता असू दे, आणि म्हणा यावर करून दाखवा. उत्तरासोबत पान नंबर येतो का बघा. विचारा की आमचा डेटा कुठे ठेवणार, तो तुमचं मॉडेल शिकवायला वापरणार का, तीन वर्षांनी आम्ही बंद केलं तर सगळ्या नोंदी मार्क (कॅटलॉगच्या नोंदींचा ठराविक साचा) किंवा सीएसव्हीमध्ये (साध्या तक्त्याची फाइल) परत मिळतील का, दुसऱ्या वर्षापासूनची फी किती आणि ती वाढणार कशी, मराठीत चुकलेलं उत्तर कळवलं तर दुरुस्त कोण करणार. उत्तरं लेखी घ्या. तो या प्रश्नांना कंटाळला तर तेही तुम्हाला काहीतरी सांगून जातंच.

प्राचार्यांकडे जाताना "हे जमणार नाही" घेऊन जाऊ नका, एक पानाची नोट घेऊन जा. त्यांनी मागितलंय ते मनापासून मागितलंय असं धरा, सेमिनारमध्ये चांगलं काहीतरी ऐकलं आणि आपल्या कॉलेजात व्हावं असं वाटलं. नोटमध्ये लिहा की या सेमिस्टरला मामांची वही, प्रश्नांचं रजिस्टर, वर्गांचे तास आणि एका विभागाच्या रिपोर्टची यादी होईल, पुढच्या सेमिस्टरला स्कॅनिंग आणि पन्नास प्रश्नांची चाचणी, आणि चाचणीचा निकाल हातात आला की वेंडरचा विचार. खर्च लिहा, स्कॅनर आणि थोडे तासिकेचे पैसे, साडेतीन लाखांच्या मानाने किरकोळ. सोबत चाचणीचा कागद जोडायचं कबूल करा, किती उत्तरं बरोबर, किती चूक, चूक झाली तर काय केलं. नॅकची टीम आली तर त्यांच्यासमोर ठेवायला हे कागद भक्कम आहेत, कारण त्यात प्रत्यक्ष वापर दिसतो. आणि नोटच्या शेवटी मामांच्या जागेचं लिहायला विसरू नका, ती वही वाचून पुढे चालवायला माणूस लागणार आहे.

एकट्याने करू नका एवढं मात्र सांगते. नाशिकच्या कॉलेज रोड आणि गंगापूर रोडला चार पावलांवर कॉलेजं आहेत, सगळीकडच्या ग्रंथपालांना सध्या हेच सांगितलं जातंय. महिन्यातून एकदा चार पाच जणी, चार पाच जण बसा, प्रश्नांची यादी आणि वेंडरच्या उत्तरांचे कागद एकमेकांना दाखवा. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ नाशिकमध्येच १९८९ पासून आहे, लांब बसलेल्या विद्यार्थ्यापर्यंत साहित्य पोचवायचा त्यांचा अनुभव मोठा आहे, त्यांच्या ग्रंथालयातल्या लोकांना जाऊन भेटा. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय तर १८४० चं. जुन्या मराठी कागदाशी कसं वागायचं हे अशा ठिकाणी माणसांना ठाऊक असतं.

राहिला कोर्स. पदरचे पैसे घालून आत्ता करू नका. एआय काय असतं हे सांगणारे कोर्स सरकारच्या स्वयम पोर्टलवर फुकट बघता येतात, सर्टिफिकेट नंतर बघू. तुम्हाला आत्ता लागणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत: कोहामधून हवा तो रिपोर्ट काढणं, नोंदी सीएसव्हीत बाहेर काढून ओपनरिफाइनमध्ये साफ करणं आणि परत आत घालणं, आणि टेसरॅक्ट चालवून घेणं. पहिल्या दोन तुम्ही एखाद्या दिवाळीच्या सुट्टीत शिकाल, कोडिंगशिवाय, फक्त आधी कोहाचा पूर्ण बॅकअप घ्या आणि सुरुवात शंभर नोंदींच्या कॉपीवर करा. टेसरॅक्ट आणि ते ऱ चं काम कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांना द्या. त्यांना प्रोजेक्ट लागतोच आणि दरवर्षी तीच ती लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम बनवून ते कंटाळलेले असतात. त्यांच्या सरांना याच आठवड्यात भेटा, प्रोजेक्टचे विषय एकदा वाटले गेले की मग वर्षभर थांबावं लागेल.